मुक्या जिवाची ऊब, आपली जबाबदारी

ब्रिटनमध्ये बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातला सरडा अनेक घरांत पाळतात. तिथल्या आपल्या कोकणी कुटुंबातल्या मुलांनीही हट्ट धरला, तर आईवडिलांनी आधी ऊब देण्याची पद्धत समजून घ्यावी. सरड्याच्या अंगाला आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ती मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही, जास्त झाली तर जीव जातो.

म्हणून पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवावी. दिव्याखालची जागा सुमारे 40 अंश सेल्सिअस, तर दुसरे टोक 22 ते 26 अंश असावे. दिवा थर्मोस्टॅटला जोडावा आणि त्याची तापमान मोजणारी तार गरम बाजूला पक्की बसवावी. ती निसटून थंड बाजूला पडली, तर दिवा तापतच राहतो. दिव्याला जाळी हवीच. विजेवर तापणारा दगड मात्र ठेवू नये; त्यावर पोट भाजते. थर्मोस्टॅटवर विसंबून न राहता वेगळ्या थर्मामीटरने दोन्ही बाजू रोज तपासाव्यात.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचे हदीसमध्ये आले आहे. पेटीत कोंडलेला जीवही स्वतः सावली शोधायला बाहेर जाऊ शकत नाही.

आपल्याकडे मात्र तारांकित कासव घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.