बाळ ऐकते तेव्हा काय शिकते?

‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. ‘त’ म्हणताना जिभेचे टोक दातांना टेकते. ‘ट’ म्हणताना ते वर वळून टाळूला लागते. आपल्याला हा फरक अगदी उघड वाटतो. पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा बहुतेक प्रौढांना तो ऐकून ओळखता येत नाही.

मग त्यांच्या तान्ह्या बाळांचे काय? कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी याविषयीचे प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध केले. बाळाला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून त्यांनी एक युक्ती वापरली. बाळाला हिंदीतील एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचे आणि मध्येच दुसरे सुरू करायचे. अक्षर बदलताच बाळाने मान वळवली, की पेटीत दिवा लागून आतला खेळण्यातला प्राणी दिसे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी बाळांना ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखता आले. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना ते जमले. हिंदी घरांतील अकरा-बारा महिन्यांची बाळे तो फरक बिनचूक ओळखत होती.

म्हणजे पहिल्या वर्षातच, धड एक शब्दही बोलता येत नसताना, मेंदू घरच्या भाषेतील ध्वनींची निवड करू लागतो. ज्या बाळाला जन्मापासून ऐकूच येत नाही, त्याच्या मेंदूपुढे निवडायला काही येतच नाही.

अडचण अशी, की हे घरात लवकर लक्षात येत नाही. बहिरे बाळही रडते, हसते, हुंकार देते. ऐकणारी बाळे साधारणपणे दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट बडबड करू लागतात. बहिऱ्या बाळांची ही बडबड लांबते. पाळण्याजवळ थाळी वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षा तर फसवीच! बाळाला हात हलताना दिसतो, हादरा जाणवतो. शिवाय अर्धवट ऐकू येणाऱ्या बाळाला थाळी ऐकू येते, पण हळू बोलणे ऐकू येत नाही.

यावर मार्ग निघाला तो एका चमत्कारिक शोधातून. निरोगी अंतर्कर्ण आवाज घेतो आणि स्वतःही अतिशय क्षीण आवाज परत पाठवतो, असे लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवले. हे काम अंतर्कर्णातील केशपेशींचे. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक ध्वनिक्षेपक आणि ध्वनिग्राहक असलेली छोटी बोंडी बसवून हा प्रतिसाद काही मिनिटांत टिपता येतो. मात्र कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूतील दोष यात कळत नाही. त्यासाठी डोक्याला विद्युतअग्रे लावून वेगळी चाचणी करतात.

या घाईचे कारण अमेरिकेतील कोलोराडो राज्यात दिसले. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९८ साली आढळले, की ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळून मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती.

ही मदत श्रवणयंत्राचीच असावी असे नाही. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली खुणांची भाषा वापरणाऱ्या बहिऱ्या आईबापांच्या बहिऱ्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर बाळे ‘बाबाबा’ करतात त्याच वयात ही बाळे हातांनी बडबड करत होती.