हेमलकशाला निघण्यापूर्वी गाडीचा वेग तपासा



ऊस पक्व झाला की नाही, हे आपण नुसत्या पानांच्या रंगावरून ठरवत नाही. रसाचे थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स बघतो, मगच तोड देतो. गाडीच्या वेगाचा काटा बंद पडला, की मात्र "सेन्सर गेला, नवा टाका" म्हणून मोकळे होतो. तिथेही आधी तपासणी, मग खर्च, हेच बरोबर.

हंगाम आटोपला की आपल्यापैकी काही मंडळी गाडी घेऊन हेमलकसा पाहायला जातात. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड बांधवांसाठी दवाखाना चालवला. तेव्हा तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता, १९८२ पासून गडचिरोलीत आहे. आलापल्ली सोडली की पुढे जंगलच. गुरे अचानक रस्त्यावर येतात आणि मिस्त्री काही हाकेवर नसतो. म्हणून तपासणी घरीच उरकावी.

जुन्या जीपला गिअरबॉक्समधून केबल निघून काटा फिरवायची. आता गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो आणि गाडीचा संगणक ते मोजून वेग काढतो. चाकांचे हेच ठोके एबीएसला लागतात. जोराचा ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणारी ही व्यवस्था आहे. ठोके बंद झाले की एबीएसचा दिवा लागतो. साधा ब्रेक चालतो, पण ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. काट्याचे दुखणे किरकोळ समजू नये ते यासाठीच.

२०१३ नंतरच्या बहुतेक मोटारींत चालकाच्या पायाजवळ, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर जोडून चालू गाडीचा वेग वाचता येतो. मोकळ्या रस्त्यावर ४० चा वेग धरावा. स्कॅनर शेजारच्याने वाचावा, चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी.

स्कॅनरवर वेग बरोबर दिसतो पण काटा हलत नाही, तर दोष मीटरकडे आहे, सेन्सर बदलू नका. दोन्हीकडे शून्य असेल किंवा 'पी ०५००' हा संकेत आला, तर सेन्सर, वायर व कनेक्टर बघा. पाणंदीचा चिखल बसलेला असतो, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. आकडा मध्येच शून्यावर पडून परत वर येत असेल, तर बहुधा कनेक्टर सैल असतो. संकेत नुसता पुसून टाकला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. एबीएसचा दिवा लागला असेल तर एबीएस वाचणाराच स्कॅनर लावून घ्या. साधा स्कॅनर बहुधा इंजिनापुरताच असतो.

काटा आणि स्कॅनर जुळले तरी एक पडताळा बाकी राहतो. ४० च्या वेगाने एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ९० सेकंद लागतात. मीटर थोडा जास्तच दाखवत असल्याने दोन-चार सेकंद अधिक लागले तर काळजी नाही. पण बरेच कमी लागले, तर गाडी दिसते त्याहून जोरात पळते आहे. मोठे टायर घातले की असे होते, आणि मग काटा व स्कॅनर दोन्ही सारखेच चुकतात.

ब्रिक्स बघून तोड आणि सिग्नल बघून दुरुस्ती, एवढे ध्यानात ठेवा. पैसा वाचेल आणि घरची माणसे सुखरूप परत येतील.

— ऊस विकास अधिकारी