ऑलिंपिकमधली रग्बी: चार खेपा आणि एक दंगल

साहेबांचा लाडका खेळ

आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिअर द कुबेर्तां रग्बीचे वेडे होते. १८९२ साली फ्रान्सच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंच म्हणून तेच उभे राहिले. १९०० साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रग्बी आली, ती त्यांच्याच हौसेने. संघ तीनच. जर्मनीच्या नावाने फ्रँकफर्टचा एक क्लब खेळला, ब्रिटनच्या नावाने मोझली वाँडरर्स. फ्रान्सने दोघांनाही हरवलं.

एका सामन्याची स्पर्धा

१९०८ साली लंडनला फ्रान्सने माघार घेतली आणि उरले दोनच संघ. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू ब्रिटनच्या दौऱ्यावर होतेच. त्यांच्यासमोर ब्रिटनने कॉर्नवॉल हा परगण्याचा संघ उतरवला. याच दौऱ्यात कॉर्नवॉलने ऑस्ट्रेलियाकडून एकदा मार खाल्ला होता. या खेपेला ३२-३. एकच सामना, तोही हरलेला, आणि तरी रौप्यपदक!

कॅलिफोर्नियाची पोरं

अमेरिकन फुटबॉलमध्ये फार पोरं जखमी होतात, मरतातही, म्हणून १९०६पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली विद्यापीठांनी तो खेळ सोडून रग्बी धरली. दहाएक वर्षांत ही विद्यापीठं पुन्हा फुटबॉलकडे वळली, पण रग्बी जाणणारी एक पिढी तोवर तयार झाली होती. तिच्याच बळावर अमेरिकेने १९२० साली अँटवर्पला फ्रान्सला ८-० असं हरवलं. त्या संघातला डॅनियल कॅरल १९०८ साली ऑस्ट्रेलियाकडून खेळला होता. दोन देशांकडून दोन सुवर्णपदकं!

कोलोंबचा दिवस

१८ मे १९२४. पॅरिसजवळच्या कोलोंब मैदानावर पुन्हा तेच दोन संघ. रुमानियाला दोघांनीही आधीच लोळवलं होतं. फ्रान्स जिंकल्यातच जमा, असं गर्दी धरून चालली होती. अमेरिकेच्या संघात कित्येक जण मुळात फुटबॉलचे गडी; रग्बीतले बारकावे त्यांना कमी ठाऊक, पण अंगावर जाऊन पाडण्यात वस्ताद. फ्रान्सचा वेगवान खेळाडू जोरेगी सुरुवातीलाच जायबंदी होऊन बाहेर गेला आणि प्रेक्षक बिथरले. निकाल १७-३. अमेरिकन प्रेक्षकांना मारहाण झाली, त्यांचं राष्ट्रगीत शिट्ट्यांत बुडालं, विजेत्यांना पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं.

पाठीराखा गेला

संघ मोजके, त्यात ही शोभा. १९२५ साली कुबेर्तां ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदावरून दूर झाले आणि रग्बीची बाजू घेणारं वजनदार माणूस उरलं नाही. १९२८च्या कार्यक्रमात ती नव्हती. परतली ती थेट २०१६ साली रिओला, तीही सात जणांच्या आखूड रूपात. पुरुषांच्या अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला ४३-७ असं धुतलं. फिजीचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. पंधरा जणांच्या रग्बीतले ऑलिंपिक विजेते मात्र कागदोपत्री आजही अमेरिकनच.