गल्लीचा कारभारी

कुणी निवडणूक लढवून कारभारी होतो, कुणी सासऱ्याच्या पुण्याईवर. मी मात्र झोपेत झालो! सकाळी उठून पाहतो, तो आमच्या हिमायतनगरातील गल्लीच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन म्हणून माझे नाव झळकत होते. ‘सर मराठीचे प्राध्यापक आहेत, शुद्धलेखन तरी सुधारेल,’ एवढीच माझी पात्रता.

शुद्धलेखन राहिले बाजूलाच. पहाटेची फुले, हरवलेली शेळी, कुणाच्या नातवाचे बारसे, यांतच दिवस जाई. अफवा आली की मात्र मी ती तत्काळ पुसून टाकी, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडची पोटासाठी हिंडणारी माणसे ती! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यास बंदी घातली.

पण पुसायची सवय वाईट. एकदा हाताला लागली की खरेखोटे पाहायला हात थांबत नाही.

आमच्या गल्लीतील आक्कांनी एके दिवशी तक्रार बोलून पाठवली. नळाला आठ दिवसांनी पाणी येते, तेही गढूळ, आणि पट्टी मात्र वेळच्या वेळी! शब्द जरा तिखट होते. पाच मिनिटांत एका हितचिंतकाचा फोन आला, “सर, काढून टाका. उद्या केस झाली तर ॲडमिनवरच येते.” केस म्हटले की मास्तराचे पाय लटपटतात. मी तक्रार पुसली.

संध्याकाळी आक्का दारात उभ्या. “सर, म्या खोटं बोलले होते का?”

मला उत्तर सुचले नाही. माझे आजोबा निजामी राजवटीतील गश्ती ५३ ची हकिकत सांगत. १९२९ सालच्या त्या फर्मानाने सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. ते राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये गेले. आणि त्यांचा नातू स्वतःच्या ओट्यावर बसून नवी गश्ती काढीत होता! तीही कुणी न मागता.

मग कायदा काय म्हणतो ते शोधले. हे आधी करायला हवे होते म्हणा! गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनवरील खटला रद्द केला होता. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू वा आधी ठरलेला बेत असल्याखेरीज, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असा तो निकाल. म्हणजे माझी भीती पोकळ होती. पुसलेली तक्रार तेवढी खरी होती.

मी आक्कांकडे गेलो, चुकलो म्हणालो, आणि पुन्हा बोलून पाठवा अशी विनंती केली.

आक्का तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आता तुमीच लिवा. तुमचं शुद्धलेखन चांगलं हाय म्हनत्यात.”

रात्री लिहिली. खाली आधी त्यांचे नाव, मग माझे. पाठवताना अंगठा जरा थरथरला, हे कबूल करतो.