देवबागच्या विहिरी आणि हातमापकातील गुणक

मालवण तालुक्यातील देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली खाडी. अशा ठिकाणी विहिरीचे पाणी ‘मचूळ’ आहे एवढे जीभ सांगते. किती, ते मापकाने सांगावयाचे. परंतु हातमापक विरघळलेले क्षार प्रत्यक्ष मोजीत नाही. तो विद्युत्‌वाहकता मोजतो, तिला एका गुणकाने गुणतो आणि येणारा आकडा क्षार म्हणून दाखवितो. वाहकता ३००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर असता ०.५ या गुणकाने लिटरमागे १५०० मिलिग्रॅम क्षार निघतात, ०.७ ने २१००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२) पर्यायी स्रोत नसतानाची मर्यादा २००० आहे. म्हणजे तीच विहीर एका मांडणीत ग्राह्य, दुसरीत त्याज्य! पाण्यात मुख्यतः मीठच असेल तर ०.५ च्या आसपासचा गुणक यथार्थ होय. तथापि कित्येक मापकांत निराळाच गुणक आधीपासून योजलेला असतो. तो निघण्यापूर्वी पाहावा व नोंदवहीत वाहकतेशेजारी लिहावा. तापमानाची दुरुस्ती २५ अंश सेल्सिअसला धरावी. विहिरींसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणद्रावणात मापक जुळवावा. खाडीसाठी १२,८८० चे द्रावण हवे. खाडीत बुडविलेला विद्युदग्र विहिरीच्या नमुन्यात घालण्यापूर्वी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा.