विश्लेषण : ‘कॅशलेस’ उपचारांत गैरप्रकार कसे होतात? रुग्णांनी काय तपासावे?

आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णाला पैसे मोजावे लागत नाहीत. त्यामुळे रुग्णालयाने त्याच्या नावावर किती रकमेचा दावा केला, याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. गैरप्रकारांना वाव मिळतो तो इथेच.

गैरप्रकार कोणत्या स्वरूपाचे?

न केलेल्या उपचारांचा दावा करणे, गरज नसताना शस्त्रक्रिया करणे, साध्या आजारासाठी महागडे पॅकेज लावणे आणि मोफत उपचारांसाठी रुग्णाकडून वर पैसे घेणे. ऑगस्ट २०२३मध्ये संसदेत मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालात आयुष्मान भारतच्या सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर आढळली. आधी मृत दाखवलेल्या रुग्णांच्या नावावर पुन्हा उपचारांचे दावे मंजूर झाल्याचेही त्यात नमूद होते.

रुग्णाचे काय नुकसान?

आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. खोट्या दाव्यात त्यातील रक्कम खर्ची पडली, तर खऱ्या आजारपणात ती कमी पडू शकते. शिवाय न झालेला आजार रुग्णाच्या नावावर नोंदला जातो. अनावश्यक शस्त्रक्रियेत तर जिवालाच धोका असतो.

काय काळजी घ्यावी?

* योजनेच्या कार्डाला स्वतःचाच मोबाइल क्रमांक जोडावा. कार्ड किंवा ओटीपी अनोळखी व्यक्तीला देऊ नये.
* कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा देऊ नये.
* मोफत शिबिरातून थेट शस्त्रक्रियेसाठी नेले जात असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तातडीच्या प्रसंगी मात्र उपचार लांबवू नयेत.
* कोणते पॅकेज मंजूर झाले, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.
* घरी जाताना डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल मागून घ्यावेत. त्यावरील तारखा, आजार व शस्त्रक्रियेचे नाव जुळते का, ते पाहावे.
* खासगी विमा असल्यास अंतिम बिलाची प्रत घ्यावी आणि न वापरलेल्या वस्तूंबाबत विचारणा करावी.

तक्रार कुठे?

आयुष्मान भारतसाठी १४५५५, तर महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत. खासगी विम्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे करावी. तिथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. पैसे मागितले गेल्यास पावतीचा आग्रह धरावा, कारण तक्रारीत तीच पुरावा ठरते.