सांडलेलं तेल समुद्र परत देत नाही

समुद्रातल्या तेलविहिरींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘अपघात झालाच तर आता यंत्रं आहेत, तेल गोळा करता येतं.’ शिकलेसवरलेले लोक हे इतक्या खात्रीने सांगतात की ऐकणारा गप्प बसतो. म्हणून आकडेच पाहू.

20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला. 11 कामगार गेले. सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्याखालची विहीर 87 दिवस वाहत राहिली. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार 49 लाख बॅरल, म्हणजे जवळपास 78 कोटी लिटर तेल बाहेर पडलं. ते आवरायला हजारो बोटी उतरवल्या गेल्या. त्याच ऑगस्टमध्ये सरकारनेच हिशेब मांडला : पाण्यावरून उपसून काढलेलं तेल होतं 3 टक्के. आणखी 5 टक्के समुद्रातच जाळलं. 17 टक्के विहिरीच्या तोंडाशी नळी लावून थेट जहाजात घेतलं. ते समुद्रात मिसळलंच नव्हतं, तेव्हा त्याला सफाई म्हणू नये. बाकीचं हवेत उडालं, पाण्यात विरलं, गाळात बसलं, किनाऱ्याला लागलं.

‘पण तवंग तर नाहीसा झाला ना?’ झाला. त्याचं एक कारण : सुमारे 70 लाख लिटर रसायन ओतून तेलाचे बारीक थेंब केले गेले. तेल वरून दिसेनासं झालं आणि मासळीची अंडी-पिल्लं वाढतात त्या पाण्यात उतरलं. याला सफाई म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तेल पाण्यावर पातळ पसरतं. ते अडवायला ‘बूम’ नावाचं तरंगतं कुंपण घालतात. लाटा मीटरभराच्या वर गेल्या की तेल त्याच्या वरून आणि खालून निसटतं. आता अरबी समुद्राचा जून-जुलै आठवा. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. त्या दर्यात बूम कोण टिकवणार? याच समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्राचा फलाट जळाला तो 27 जुलै 2005 रोजी, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी. सहायक जहाज फलाटाच्या वायुनळीवर आदळलं आणि भडका उडाला. 22 जीव गेले. खराब हवेत माणसांची सुटका करणंच जड गेलं, तिथे तेल कोण वेचणार?

गळती फक्त मोठ्या अपघातातच होते, असंही नाही. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे चिकट गोळे येतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांची रासायनिक ओळख पटवली, तेव्हा काही नमुने मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काही टँकरमधल्या परदेशी तेलाशी. म्हणजे दोष एकट्या विहिरींचा नाही, पण त्या सुटतही नाहीत.

इतर समज थोडक्यात. तेल तळातून नैसर्गिकरीत्याही झिरपतं, हे खरं. पण ते सावकाश आणि विखरून. 87 दिवस एकाच तोंडातून उसळणाऱ्या तेलाशी त्याची तुलना होत नाही. आपल्या समुद्रात आणखी तेल सापडलं की पेट्रोल स्वस्त होईल? देशातल्या कच्च्या तेलाचा दरही आंतरराष्ट्रीय बाजाराच्या मागेच चालतो, आणि गरजेचा चार पंचमांशाहून जास्त भाग आपण आयात करतो. आणि तेलाला पर्याय सुचवला की ऐकू येतं, सौरपट्टी बनवायला लागते तेवढी वीज ती कधीच देत नाही. हेही चूक : साधारण एक-दोन वर्षांत ती फेड होते आणि पट्टी पंचवीसेक वर्षं चालते.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. भारतात तेलापासून वीज जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे नुसत्या सौरपट्ट्या आणि पवनचक्क्या उभारून तेल फारसं वाचणार नाही. वाहनं विजेवर आली तरच वाचेल, आणि ती वीज कोळशाऐवजी ऊन-वाऱ्यातून आली तर हवाही वाचेल. हे अशक्य नाही. मुंबईत विजेवरची रेल्वेगाडी 1925 पासून धावते. कोकण रेल्वेच्या सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. ज्या घाटांत डिझेल जळायचं तिथे आता तारा आहेत. चालू विहिरी उद्या बंद होणार नाहीत, त्यांच्या जुन्या नळांची कडक तपासणी व्हावी. नव्या विहिरींसाठी समुद्र खोदायचा पैसा मात्र एसटीच्या आणि मालवाहतुकीच्या विजेवर घालावा.